छातीचा डॉक्टर निवडताना

कामरेज व सुरत भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली आपली अनेक कुटुंबे आहेत. कापडाच्या कारखान्यांतील धूळ अंगावर घेणाऱ्या घरांना दमा, खोकला नवा नाही. दुखणे बळावले की रोग्यास अतिदक्षता विभागात न्यावे लागते, आणि दाराबाहेर बसलेल्या नातलगांपुढे सह्यांचे कागद येतात. त्या घडीला चौकशीस सवड नसते. ती आधीच कशी करावी, हे येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम शिक्षण. एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे व एक वर्षाची उमेदवारी झाल्यावर श्वसनरोगांतील एम. डी.साठी आणखी तीन वर्षे लागतात. त्यापुढे फुप्फुसरोग व अतिदक्षता या विषयांची तीन वर्षांची डी. एम. ही पदवी आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा व औषधाच्या चिठ्ठीवरही द्यावा. त्यावरून वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव पडताळून पाहता येते.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार वा रोख रक्कम घेण्यास डॉक्टरांना २००९ च्या दुरुस्तीने मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरविले की, अशा भेटींचा खर्च कंपनीस प्राप्तिकराच्या हिशेबात वजा करता येणार नाही. हा खर्च अखेर औषधाच्या किमतीत शिरतो व रोग्याच्या माथी बसतो, हेही न्यायालयाने दाखविले.

अमेरिकेत २०१० च्या कायद्यान्वये कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला किती रक्कम दिली, हे जाहीर करावे लागते. २०१४ पासून ती यादी कोणासही पाहता येते. आपल्याकडे डॉक्टरच्या नावानिशी अशी सरकारी यादी नाही. मात्र यादीत नाव असणे म्हणजे अपराध नव्हे. संशोधनाचे वा सल्ल्याचे मानधन रीतसर करार व परवानगीने घेता येते. लपवाछपवी तेवढी वाईट.

मग आपण काय करावे? नम्रपणे विचारावे: "डॉक्टरसाहेब, हे औषध कशासाठी? याच गुणाचे स्वस्त औषध मिळेल का?" उपचारांची कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत मिळावीत, असा नियम आहे, ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

रात्रंदिवस रोग्याच्या उशाशी उभे राहणारे सचोटीचे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांना अशा प्रश्नांचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे. विश्वास जरूर ठेवावा. तो डोळे उघडे ठेवून ठेवावा, एवढेच आमचे सांगणे.