परताव्याचे दलाल

विवरणपत्रे भरण्याचा हंगाम सरत आला की आमच्या भिलाईतील शाखेत पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग लांबते. बहुतेकांना एकच नोंद पाहायची असते : प्राप्तिकराचा परतावा जमा झाला की नाही. गेल्या वर्षी या रांगेतून निघून एक निवृत्त पोलाद-कामगार थेट माझ्या टेबलाशी आले. "साहेब, माझा परतावा बँकेनं अडवून ठेवलाय का?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या संमतीने, परंतु नाव न देता, ती हकीकत येथे सांगत आहे. भिलाईसारख्या पगारदारांच्या नगरात ती त्यांच्या एकट्याची नसावी.

बँकेने काहीच अडवले नव्हते. "काका, आपण विभागाच्या संकेतस्थळावर पाहू," असे म्हणून मी त्यांना संगणकासमोर बसवले, तेव्हा आपल्याच खात्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक नसल्याचे कळले. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर ओटीपी मागवून त्यांनी नवा पासवर्ड घेतला. आत पाहतो तो संपर्कासाठी नोंदवलेला ई-मेल पत्ता त्यांचा नव्हताच. विभागाच्या नोटिसा त्या परक्या पत्त्यावर जाऊन पडत होत्या. काही वर्षांपूर्वीच्या एका विवरणपत्रात दोन दावे होते : काकांनी कधी नावही न ऐकलेल्या राजकीय पक्षाला दिलेली देणगी आणि घरभाडे भत्त्यावरील सूट. काका तेव्हा कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहत होते!

ते विवरणपत्र बाजारातील एका गृहस्थाने भरले होते. "कापलेला कर परत मिळवून देतो, मिळाला तरच दहा टक्के द्या," असा त्याचा व्यवहार. परतावा 38,000 रुपये आला, त्यातले 3,800 त्याने घेतले. पैसे आले म्हणजे सरकारने दावा मान्य केला, असा काकांचा समज झाला आणि नेमकी येथेच फसगत आहे. बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्रांची पहिली छाननी संगणक करतो. तो आपण लिहिलेल्या आकड्यांवर बऱ्याच अंशी विश्वास ठेवतो. पुरावे मागण्याची वेळ पुढे, कधीकधी काही वर्षांनी येते. तोवर दलाल आपले दहा टक्के घेऊन मोकळा झालेला असतो. विवरणपत्रावर नाव व पॅन मात्र करदात्याचाच. काकांचा नवा परतावा जुन्या थकबाकीत वळता झाला होता. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यानुसार उत्पन्नाची खोटी माहिती दिल्यास बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. म्हणजे 38,000 च्या कराव्यतिरिक्त 76,000, शिवाय व्याज.

दिनांक 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर विभागाने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम हाती घेतली. त्या वेळच्या निवेदनात मोठ्या संख्येने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते वापरून पुढे ते सोडून दिल्याचा, त्यामुळे नोटिसा न वाचता पडून राहिल्याचा स्पष्ट उल्लेख होता. काकांच्या खात्यातील तो परका पत्ता मला तेव्हा उमगला. आधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी आपणहून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही विभागाने नमूद केले होते. हा मार्ग आजही खुला आहे. नोटीस निघण्यापूर्वी सुधारित माहितीचे 'अद्ययावत विवरणपत्र' भरता येते. पहिल्या वर्षी कर व व्याजाच्या 25 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के जादा रक्कम भरावी लागते व पुढे हा भार वाढत जातो. दोनशे टक्क्यांच्या तुलनेत ही स्वस्ताई म्हणायची.

लोभ दाखवून फसवणारे असे, तर भय दाखवून फसवणारे निराळे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा रात्रपाळीत बसलेली शेकडो तरुण मुले अमेरिकन करखात्याचे अधिकारी बनून तेथील नागरिकांना फोनवर अटकेची धमकी देत असल्याचे उघडकीस आले. 'कर' वसूल होई तो गिफ्ट कार्डांचे क्रमांक वाचून घेऊन. जुलै 2018 मध्ये या जाळ्यातील 21 जणांना अमेरिकेत शिक्षा झाल्या, त्यातली सर्वांत मोठी 20 वर्षांची. कोणत्या देशाचे सरकार गिफ्ट कार्डावर कर घेते, हे भेदरलेल्या माणसाला सुचत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट 2023 मध्ये '15,490 रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे' असा संदेश फिरत होता. खाते क्रमांक चुकीचा असल्यास सोबतची लिंक दाबून तो दुरुस्त करा, अशी त्यात विनंती. तो बनावट असल्याचे पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले. रक्कम पूर्णांकात नाही, हीच त्यातली चलाखी. असा आकडा कोणी मनाने लिहील असे वाटत नाही. खात्याचा क्रमांक आपला नसणार हे तर ठरलेलेच, आणि तो पाहूनच मनुष्य घाईने लिंक दाबतो. वास्तविक परतावा संकेतस्थळावर आपण आधीच पडताळून ठेवलेल्या खात्यात जमा होतो. त्यासाठी विभाग पिन, ओटीपी वा कार्डाचा क्रमांक मागत नाही. आम्हीही मागत नाही.

नोटीस खरी की खोटी, हे पाहण्याची सोय ऑक्टोबर 2019 पासून झाली आहे. तेव्हापासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर, लॉग-इन न करताही, तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे व आपल्या शाखेलाही सांगावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेण्यात गैर काही नाही. मात्र ई-मेल व भ्रमणध्वनी आपला अथवा घरातील माणसाचा असावा आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून प्रत्येक वजावट वाचावी. परताव्याच्या टक्केवारीवर मोबदला मागणाऱ्याकडे तर जाऊच नये; चोख काम करणारा सल्लागार आपली फी आधी सांगतो.

काकांनी सनदी लेखापालाकडून उत्तर पाठवले आहे, दंडाचा निर्णय व्हायचा आहे. मध्यंतरी ते त्या गृहस्थाचे दुकान शोधायला गेले होते. तेथे आता झेरॉक्सचे यंत्र आहे, आणि आधीचा भाडेकरू कोठे गेला हे कोणाला सांगता येईना.