सूचनाफलक, वैधानिक

कामगारांचे हक्क, कामाच्या वेळा, वेतनाच्या अटी इ. माहिती कामाच्या जागी सर्वांस दिसेल अशा रीतीने लावण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले असते. अशा फलकास वैधानिक सूचनाफलक म्हणतात. मालकाने स्वेच्छेने लावलेल्या सूचनेहून तो वेगळा होय. त्यावरील मजकूर कायद्याने ठरलेला असतो व तो न लावल्यास मालक दंडास पात्र होतो.

ब्रिटनमध्ये १८०२ साली कापूस व लोकर गिरण्यांतील शिकाऊ मुलांसाठी झालेल्या अधिनियमाच्या प्रती गिरणीत किमान दोन ठळक जागी लावणे आवश्यक होते. भारतात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, कामाची ठराविक वेळ आणि ठराविक मुदतीत पगार या मागण्या केल्या. अशा मागण्या कायद्यात आल्या, तरी प्रत्येक कारखान्यातील नेमकी वेळ व तारीख लेखी जाहीर झाल्यावाचून त्यांचा भंग दाखविणे अवघड असते.

म्हणूनच हा फलक केवळ माहितीसाठी नसतो. तो मालकालाही बांधून घेतो. कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये प्रौढ कामगारांच्या कामाच्या वेळांचे पत्रक आधी लावावे लागे आणि त्यात दर्शविलेल्या वेळांव्यतिरिक्त काम करवून घेता येत नसे. अधिनियमाचा गोषवारा व निरीक्षकाचे नाव-पत्ता असलेली सूचना प्रवेशद्वाराजवळ, इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आणि ती स्वच्छ व वाचनीय ठेवणे सक्तीचे होते. दंडाबाबत हे तत्त्व अधिक स्पष्ट दिसते. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार ज्या कृत्यांचा उल्लेख लावलेल्या सूचनेत नाही, त्यांबद्दल कामगाराच्या पगारातून दंड कापता येत नसे. वेतन संहिता, २०१९ मध्येही हा नियम कायम असून दंडाची एकूण रक्कम त्या वेतनकालातील वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आल्या व वरील दोन्ही अधिनियमांची जागा त्यांनी घेतली. वेतन संहितेनुसार संहितेचा गोषवारा, वर्गवार वेतनदर, वेतनकाल, वेतन देण्याचा दिवस व वेळ आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता ही माहिती फलकावर द्यावी लागते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार अशा छळाचे दंडात्मक परिणाम व अंतर्गत समिती स्थापन केल्याचा आदेश दर्शनी जागी लावणे आवश्यक आहे.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. शेतीच्या वा घरगुती कामासाठी पाचांहून अधिक माणसे न ठेवणाऱ्या मालकास वेतन संहितेने फलकाच्या बंधनातून वगळले आहे. त्यामुळे घरकामगार व शेतमजूर बहुधा त्याच्या लाभास मुकतात. दुसरी अडचण भाषेची. ‘बहुसंख्यांची भाषा’ हा निकष लावल्यास मराठी भाषक बहुसंख्य असलेल्या कारखान्यात ओडिशा वा बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारांना फलक दिसतो, पण उमगत नाही. धोक्याच्या कामावर बहुधा तेच असल्यास हा दोष गंभीर ठरतो. निरक्षर कामगारांसाठी मजकूर वाचून दाखविणे व धोक्याच्या सूचना चित्ररूपाने देणे हे उपाय उपयुक्त ठरतात. साहेबांच्या खोलीत टांगलेला किंवा धुळीने माखलेला फलक तपासणीच्या वेळी दाखविता येतो. परंतु आपल्या पगारातून कापलेली रक्कम न्याय्य आहे की नाही, हे कामगाराला ज्यावरून स्वतः ताडून पाहता येते, तोच फलक कायद्याचा हेतू साधतो. [⟶ कामगार कायदे].