सिरियल पोर्ट सर्व्हर

सिरियल पोर्ट सर्व्हर हे सिरियल जोडणी असलेल्या उपकरणांना संगणकीय जाळ्याशी जोडणारे साधन होय. वजनकाटा, सीएनसी यंत्र, वीजमापक, राउटर इत्यादी उपकरणांकडून तारेवाटे एकेक बिट या क्रमाने येणारी माहिती हे साधन टीसीपी/आयपी प्रोटोकॉलने दूरच्या संगणकापर्यंत पोहोचवते व तिकडून आलेल्या आज्ञा उपकरणास देते. हे काम स्वतंत्र यंत्र करू शकते, तसेच सिरियल पोर्ट असलेला युनिक्स अथवा लिनक्स संगणकही योग्य आज्ञावलीच्या साहाय्याने करू शकतो.

इतिहास

आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचे मानक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ मध्ये आली. त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सच्या उभारणीस आरंभ केला. आरंभीचे वापरकर्ते टेलिटाइप यंत्रावरून संगणकाशी संवाद साधत. त्यामुळे युनिक्समध्ये सिरियल पोर्टच्या फाइलींची नावे आजही ‘टीटीवाय’ या अक्षरांनी सुरू होतात.

पुढे अनेक टर्मिनले एका जाळ्याद्वारे संगणकास जोडण्यासाठी टर्मिनल सर्व्हर प्रचारात आले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची डेकसर्व्हर ही मालिका या प्रकारची होती. टर्मिनले मागे पडल्यावर हेच तंत्र उलट दिशेने, म्हणजे जाळ्यावरून सिरियल उपकरणांपर्यंत पोहोचण्यासाठी वापरले जाऊ लागले. पोर्टची गती, पॅरिटी व नियंत्रणरेषा जाळ्यावरून बदलता याव्यात यासाठी टेलनेट प्रोटोकॉलचा विस्तार ऑक्टोबर १९९७ मध्ये आरएफसी २२१७ या दस्तऐवजात मांडण्यात आला.

कार्यपद्धती

आरएस-२३२ मध्ये उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ० असा संकेत आहे. या जोडणीची तार साधारणपणे १५ मीटरपर्यंत विश्वासार्ह मानली जाते. आरएस-४८५ मध्ये हे अंतर सुमारे १,२०० मीटरपर्यंत जाते. सर्व्हर उपकरणाजवळ ठेवल्यास सिरियल तार आखूड राहते व उरलेले अंतर इथरनेट पार करते.

सर्व्हर प्रत्येक सिरियल पोर्टास एक टीसीपी पोर्ट क्रमांक देतो. त्या क्रमांकावर जोडणी होताच दोन्ही बाजूंच्या अक्षरांची देवाणघेवाण सुरू होते. कच्च्या पद्धतीत अक्षरे जशीच्या तशी पाठवली जातात व पोर्टची गती सर्व्हरवर आधीच ठरवावी लागते. टेलनेट पद्धतीत आरएफसी २२१७ च्या आधारे ती दुरून बदलता येते.

युनिक्सवरील स्थापना

लिनक्सवर यासाठी कोरी मिन्यार्ड यांची सेर-टू-नेट ही मुक्त आज्ञावली सर्रास वापरली जाते. डेबियन, उबुंटू आदी वितरणांच्या भांडारांत ती उपलब्ध असल्याने नेहमीच्या पॅकेज व्यवस्थापकाने बसवता येते.

स्थापनेपूर्वी पोर्ट ओळखावा लागतो. लिनक्समध्ये मदरबोर्डवरील पहिला पोर्ट ‘टीटीवायएस०’ आणि यूएसबी परिवर्तकावरील पहिला पोर्ट ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने ‘डेव्ह’ निर्देशिकेत दिसतो. एकापेक्षा अधिक परिवर्तक असल्यास यूएसबीचे क्रमांक संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आपसांत बदलू शकतात. तसे झाल्यास एका यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्याच यंत्राकडे जातो. म्हणून ‘डेव्ह’मधील ‘सिरियल’ या उपनिर्देशिकेतील, परिवर्तकाच्या ओळखक्रमांकावर आधारित कायम नाव वापरणे इष्ट असते.

पोर्ट दुसऱ्या प्रक्रियेच्या ताब्यात नाही याचीही खात्री करावी लागते. लॉगिनची सोय देणारी ‘गेटी’ आणि मोडेम शोधणारी ‘मोडेममॅनेजर’ या प्रक्रिया अनेकदा पोर्ट अडवून ठेवतात. डेबियनवर सामान्य वापरकर्त्यास पोर्ट उघडण्यासाठी ‘डायलआउट’ या गटाचे सदस्यत्व लागते.

संरचना

सेर-टू-नेटच्या चौथ्या आवृत्तीपासून संरचना यामल स्वरूपातील फाइलीत लिहिली जाते. ही फाइल ‘ईटीसी’ निर्देशिकेत असते. प्रत्येक जोडणीच्या नोंदीत दोन मुख्य भाग असतात. ‘अ‍ॅक्सेप्टर’ या भागात जाळ्याकडील बाजू, म्हणजे पद्धत व टीसीपी क्रमांक (उदा. ३००१) असतो. ‘कनेक्टर’ या भागात पोर्टचे नाव, गती, पॅरिटी, डेटा बिट व स्टॉप बिट असतात. मोडेमच्या नियंत्रणरेषा जोडलेल्या नसल्यास येथे ‘लोकल’ हा पर्यायही द्यावा लागतो.

एका पोर्टवर सहसा एकच जोडणी स्वीकारली जाते. वापरकर्त्याचा संगणक वीज जाऊन अचानक बंद पडल्यास जुनी जोडणी सर्व्हरच्या लेखी चालूच राहते व नव्या वापरकर्त्यास प्रवेश मिळत नाही. यावर कालमर्यादा घालणे किंवा नवी जोडणी येताच जुनी तोडण्याचा पर्याय निवडणे हे उपाय आहेत. मात्र दुसऱ्या उपायाने चालू असलेले प्रक्षेपण मध्येच तुटू शकते.

ज्या आज्ञावलीला प्रत्यक्ष सिरियल पोर्टच हवा असतो, तिच्यासाठी दुसऱ्या बाजूच्या युनिक्स संगणकावर सोकॅट या साधनाने आभासी टर्मिनल निर्माण करून ते टीसीपी जोडणीशी बांधता येते. पायथॉन भाषेतील पायसिरियल हे ग्रंथालय आरएफसी २२१७ थेट हाताळते.

औद्योगिक उपयोग

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहनउद्योग व त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. सुटे भाग घडवणाऱ्या उद्योगांत सीएनसी यंत्रे दीर्घकाळ वापरात राहतात आणि जुन्या यंत्रांना प्रोग्राम देण्याचा मार्ग बहुधा आरएस-२३२ हाच असतो. नियंत्रक बदलण्यापेक्षा सिरियल पोर्ट सर्व्हर जोडणे अल्पखर्चाचे ठरते.

जुन्या नियंत्रकांची स्मृती छिद्रित कागदी फितीच्या लांबीत मोजली जाई. ४० मीटर फीत म्हणजे सुमारे १५,७०० अक्षरे. साच्यांच्या कामाचा प्रोग्राम याहून कितीतरी मोठा असल्याने तो यंत्र चालू असतानाच थोडाथोडा पुरवावा लागतो. प्रतिसेकंद ९,६०० बिट गती, ७ डेटा बिट, सम पॅरिटी व २ स्टॉप बिट असल्यास प्रत्येक अक्षरामागे ११ बिट खर्च होतात. त्यामुळे सेकंदाला सुमारे ८७० अक्षरे जातात व दहा लाख अक्षरांच्या प्रोग्रामला सुमारे १९ मिनिटे लागतात.

यंत्राची स्मृती भरत आली की ते ‘थांबा’ व मोकळी झाली की ‘पाठवा’ असा संकेत देते. जाळ्यावर अक्षरे वाटेत साठून राहतात. म्हणून हा संकेत दूरच्या संगणकाने नव्हे, तर यंत्रालगतच्या सर्व्हरने पाळणे आवश्यक असते. तसे न झाल्यास अक्षरे गळतात. उणे चिन्ह गळाले तर हत्यार विरुद्ध दिशेस जाते. दशांश चिन्ह गळाले तर अनेक नियंत्रक ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन असा अर्थ घेतात. परिणामी काम वाया जाण्यापासून यंत्राची मोडतोड होण्यापर्यंत हानी संभवते.

सुरक्षा

कच्च्या व टेलनेट पद्धतीत सांकेतिकीकरण नसते आणि ओळखीची तपासणीही बहुधा नसते. टीसीपी क्रमांक ठाऊक असलेली जाळ्यावरील कोणतीही व्यक्ती उपकरणास आज्ञा देऊ शकते. रॅपिड७ या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,१४,००० हून अधिक सिरियल पोर्ट सर्व्हर सार्वजनिक इंटरनेटवर उघडे आढळले होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीजवितरण व्यवस्थेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे २,२५,००० ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या वेळी हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरियल-इथरनेट परिवर्तकांचे फर्मवेअरही बिघडवले. त्यामुळे दुरून नियंत्रण परत मिळवता आले नाही व कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांत जाऊन हाताने वीज सुरू करावी लागली.

युनिक्सवर यासाठी ‘अ‍ॅक्सेप्टर’ केवळ स्थानिक पत्त्याशी बांधून दुरून येणारी जोडणी एसएसएच बोगद्यातून आणणे हा प्रचलित उपाय आहे. यंत्रांचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे ठेवणे, फायरवॉलने ठरावीक संगणकांनाच प्रवेश देणे व उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलणे हेही आवश्यक असते.

सामान्य दोष

पडद्यावर अर्थहीन अक्षरे दिसल्यास गती अथवा पॅरिटी जुळत नसल्याचे समजावे. पोर्टची चालू मूल्ये ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने पाहता येतात. जोडणी होऊनही काहीच न आल्यास बहुधा प्रेषण व ग्रहणाच्या तारांची अदलाबदल झालेली असते किंवा नल-मोडेम तार आवश्यक असते. पोर्टच्या प्रेषण व ग्रहण या टाचण्या एकमेकींना जोडल्यावर पाठवलेली अक्षरे परत दिसली, तर सर्व्हरची बाजू निर्दोष असून दोष तारेत किंवा उपकरणात असल्याचे ठरते.

हेही पाहा

युनिक्स
टेलनेट
सीएनसी यंत्र
इथरनेट