शीघ्रपतन आणि त्यावरील उपचार

दांपत्यजीवनांतील कांहीं दुःखें अशीं असतात, कीं तीं डॉक्टरांस सांगण्याऐवजीं मनुष्य मनांतच कोंडून ठेवतो. शीघ्रपतन हें त्यांपैकींच एक. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकानें अशा विषयांवरील मौन मोडलें. तरीही भिंतींवरील जाहिरातींतून ‘गुप्तरोगा’चें भय विकणाऱ्यांचा धंदा बंद पडलेला नाहीं.

प्रथम हा विकार म्हणावयाचा कशास, हें पाहिलें पाहिजे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच देशांतील सुमारें ५०० जोडप्यांच्या पाहणींत, घड्याळ लावून मोजलेल्या समागमाचा मध्यम काळ ५.४ मिनिटें भरला. तेव्हां अर्ध्या तासाची अपेक्षा धरून झुरणारा पुरुष रोगी नव्हे, गैरसमजाचा बळी होय. आरंभापासूनच सुमारें एका मिनिटांत स्खलन होत असेल, किंवा पूर्वीचा काळ घटून तीन मिनिटांच्या आंत आला असेल, संयम राखतां येत नसेल आणि मनास क्लेश होत असतील, तरच त्यास शीघ्रपतन म्हणावें.

उपचार मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला अभ्यासाचा. जेम्स सीमन्स या अमेरिकन डॉक्टरांनीं १९५६ सालीं सांगितलेली पद्धति अशी: स्खलनाची वेळ जवळ येतांच थांबावें, वेग ओसरूं द्यावा, मग पुन्हां आरंभ करावा. मास्टर्स व जॉन्सन यांनीं १९७० सालीं शिश्नाग्राजवळ दाब देण्याची पद्धति पुढें मांडली. दोहोंतही पत्नीचें सहकार्य आणि कांहीं आठवड्यांचा धीर लागतो.

दुसरा प्रकार लेपाचा. लिडोकेन व प्रिलोकेन यांचें मलम कांहीं वेळ आधीं लावल्यास संवेदना मंदावते. समागमापूर्वीं तें पुसून टाकावें, नाहींतर पत्नीसही बधिरता येते.

तिसरा प्रकार गोळ्यांचा. मेंदूंतील सेरोटोनिन या द्रव्याचा प्रभाव वाढविणारीं औषधें स्खलन लांबवितात. डॅपॉक्सेटीन एक ते तीन तास आधीं घेतात; पॅरॉक्सेटीन बहुधा रोज घ्यावें लागतें. मळमळ, घेरी, क्वचित् मूर्च्छाही येते. म्हणून हृदयविकार असणाऱ्यानें तर डॉक्टरांवांचून त्यांस हातही लावूं नये. रोजची गोळी एकाएकीं बंद करणेंही बरें नव्हे.

विकार मध्येंच उद्भवला असेल, तर थायरॉइडचा दोष, प्रोस्टेटचा दाह किंवा ताठरतेची उणीव यांचा शोध आधीं घ्यावा. मूळ बरें झाल्यास फांदीही सुधारते.

पतीच्या अबोल्यास पत्नी अप्रीति समजते, आणि तिच्या मौनास तो तिरस्कार समजतो. ही गांठ औषधानें सुटत नाहीं. दोघांनीं मिळून डॉक्टरांपुढें बसणें, हाच उपचाराचा खरा आरंभ होय.