ओनामा आणि ओनमालु : बासरच्या काठावरचे पहिले अक्षर

गोदावरी नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात शिरते, तिथे तिच्या उत्तर काठावर बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी धर्माबाद सोडते, थोड्या वेळात बासर स्थानक येते, आणि त्यापुढे पुलावरून गोदावरी ओलांडून ती निजामाबादकडे निघते. आदिलाबाद जिल्ह्यातले म्हणून ओळखले जाणारे हे गाव २०१६ च्या जिल्हा फेररचनेनंतर निर्मल जिल्ह्यात मोडते. लहान मुलाला पहिले अक्षर गिरवायला देण्याचा विधी, म्हणजे अक्षराभ्यास, ही या क्षेत्राची मुख्य ओळख. नांदेड जिल्ह्यातील महाविद्यालयात मराठी शिकवताना मी अनेकदा बासरला गेलो आहे. या लेखात देवस्थानाच्या माहात्म्यापेक्षा तिथे एकत्र येणाऱ्या दोन भाषांचा विचार करायचा आहे.

मराठी कुटुंबे इथे मोठ्या संख्येने का येतात, याचे उत्तर भूगोलाइतकेच इतिहासातही आहे. हैदराबाद संस्थानात मुधोळ हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात राहून आदिलाबादला जोडली गेली. उलट आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके आणि इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. रेषा बदलली, पण सोयरिकी, बाजार आणि नवस बदलले नाहीत. धर्माबाद, उमरी, भोकर या भागातील आजीला नातवाचे पहिले अक्षर बासरलाच काढायचे असते. ते परराज्यात आहे हे तिच्या लेखी गौण असते.

गावाच्या नावाची कथा अशी सांगतात : कुरुक्षेत्रावरील युद्धानंतर शांतीच्या शोधात व्यास इथे आले, रोज गोदावरीतून मूठ मूठ वाळू आणून त्यांनी तीन देवींच्या मूर्ती घडवल्या. मंदिराजवळ व्यासांची गुहा दाखवतात. व्यासांवरून ‘वासर’, आणि मराठीच्या प्रभावाने ‘बासर’, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. यातला पहिला टप्पा मराठीच्या वळणाचा आहे. व्याघ्र या शब्दाचा आपण वाघ केला, तसाच ‘व्या’चा ‘वा’ होऊ शकतो. दुसरा टप्पा मात्र मराठीच्या माथी मारता येत नाही. हिंदीत बाघ, बीस, बड असे शब्द आहेत, तिथे मराठीने वाघ, वीस, वड असा ‘व’ जपला आहे. तेलुगूचाही कल तोच. तेलुगूत लोण्याला ‘वेन्न’ आणि मुळाला ‘वेरु’ म्हणतात. कन्नडात त्यांची ‘बेण्णे’ आणि ‘बेरु’ ही रूपे आहेत. म्हणून ‘वा’चा ‘बा’ खरोखरच झाला असेल, तर त्याची कारणे कन्नड किंवा हिंदी-दखनी यांच्या सहवासात शोधावी लागतील. हे दोन्ही सहवास या भूभागाला लाभलेले आहेत.

आता अक्षराभ्यासाकडे वळू. आई किंवा वडील मुलाला मांडीवर घेऊन बसतात, पुजारी मुलाचा हात धरून पाटीवर किंवा तांदळात अक्षर गिरवून घेतात. वसंत पंचमीला आणि नवरात्रात मूळ नक्षत्राच्या दिवशी मोठी गर्दी असते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा करतात, त्याच भावनेचे हे दुसरे रूप. तेलुगूत पाटीला ‘पलक’ म्हणतात. हा संस्कृत ‘फलक’. आपल्या वर्गातला फळाही त्याच घराण्यातला.

या विधीचा सर्वांत बोलका शब्द ‘ओनमालु’ हा आहे. तेलुगूत मुळाक्षरांना ओनमालु म्हणतात. शेवटचा ‘लु’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. मराठीत कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण ओनामा म्हणतो. दोन्हींचे मूळ जुन्या शाळांमधील नमनात आहे. मराठीत ते ‘ओं नमः सिद्धम्’ असे, तर तेलुगूत शिवाचे नाव जोडून म्हटले जाई. ‘सिद्धम्’ हे वर्णमालेचेच नाव होते. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने सहा वर्षांच्या मुलांना याच नावाची पहिली पोथी शिकवतात अशी नोंद केली आहे. बौद्ध मंत्रांसोबत जपानला गेलेली लिपी आजही सिद्धम् म्हणून ओळखली जाते. अर्थ मात्र दोन दिशांना गेला : तेलुगूत शब्द अक्षरांशी बांधलेला राहिला, मराठीत तो अक्षरांपासून सुटून कोणत्याही प्रारंभाला लागू झाला.

एकदा मंडपात धर्माबादकडच्या एका आजींनी पुजाऱ्यांना सांगितलेले मी ऐकले, “गुरुजी, आमच्या अक्षरात काढा बरं, पोराचा बाप मराठी शाळेत शिकलाय.” गुरुजींनी मराठीतच “काढतो की आजी” म्हणत देवनागरीत ओम् गिरवून घेतला. त्या मुलाची शाळा महाराष्ट्रात असेल, तर पुढचे अक्षरही त्याच लिपीत येईल. पण आदिलाबाद किंवा भैंसा इथल्या मराठी घरांपुढचा प्रश्न वेगळा आहे. तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू अनिवार्य केली. राज्याची भाषा मुलांना यायलाच हवी, हे योग्यच. मात्र मराठी माध्यमाची शासकीय शाळा जवळ असूनही पालक इंग्रजी शाळेकडे वळले, तर घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने देवनागरीत गिरवलेले ते पहिले अक्षर शेवटचेही ठरू शकते.

हे टाळण्याचा मार्ग तेलुगूशी स्पर्धा करण्याचा नाही. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या, वर्णक्रम एकच. ‘ळ’ दोघींकडे आहे. चमचा आणि चहा यांतील ‘च’चा फरक मराठी मूल कानाने ओळखते; तेलुगूतही दोन्ही उच्चार आहेत आणि दंत्य ‘च’, ‘ज’ यांसाठी तिने वेगळी चिन्हेही योजली होती. नवे शिकायचे ते ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’, कारण तेलुगू त्यांना स्वतंत्र अक्षरे देते. सीमाभागातील शिक्षकाने एकाच फळ्यावर दोन्ही लिप्यांतला ‘क’ शेजारी शेजारी काढला, तर एक शिकताना दुसरी पक्की होते. अशी दुहेरी अंकलिपी तयार करून बासरला येणाऱ्या पालकांच्या हाती देणे, हे भाषासंस्थांना सहज करता येण्याजोगे काम आहे.