गोळी सुटण्याआधी बंदूक काढा!

१ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांची हत्या केली. शिक्षा झालेले सर्व २६ जण २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. मग ५८ जणांना मारले कोणी?

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ सांगतो, अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा. ही जबाबदारी राज्य सरकारची. केंद्राने २०१९ साली माणशी तीनऐवजी दोन बंदुकांची मर्यादा घातली. मूळ विधेयकात एकच होती.

राज्यांनी नियम ३ अमलात आणावा, संसदेने मर्यादा एकवर आणावी, ही आमची मागणी आहे. प्रेतांचा पंचनामा करणारे शासन आम्हाला नको, त्याआधी बंदूक काढून घेणारे हवे!