'दादा, प्रोग्राम चालत नाहीये'

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या जर्नलमध्ये एक खेळ बहुधा असतोच. संगणक १ ते १०० मधला एक आकडा मनात धरतो. आपण अंदाज करायचा आणि बरोबर येईपर्यंत त्याने फक्त 'मोठा' की 'लहान' एवढंच सांगायचं. पायथॉनमध्ये हा प्रोग्राम पंधरा-वीस ओळींत बसतो. पण सबमिशनच्या आदल्या रात्री ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या घरांतून ऐरोलीच्या आयटी कंपनीत असलेल्या एखाद्या मावसभावाला मॉनिटरचा तिरका फोटो जातो आणि खाली एकच ओळ असते: "दादा, प्रोग्राम चालत नाहीये, बघ ना."

दादाला यातून काहीच कळत नाही. प्रोग्राम एरर देऊन थांबतो, की थांबतच नाही, की चालतो पण उत्तर चुकीचं देतो? तिन्हींची कारणं निराळी आहेत आणि त्यातलं तिसरं प्रकरण नवख्याला सगळ्यात जास्त छळतं, कारण तिथे यंत्र तक्रारच करत नाही.

पायथॉनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. तिच्यात कीबोर्डवरून घेतलेली प्रत्येक गोष्ट आधी मजकूर असते. आपण ५० टाइप केलं तरी यंत्राच्या लेखी ती पाच आणि शून्य ही दोन अक्षरं. ती संख्येपेक्षा लहान आहेत का असं विचारलं तर पायथॉन टाइप-एरर देऊन थांबतो. 'दोन्ही सारखे आहेत का' असं विचारलं तर मात्र शांतपणे 'नाही' म्हणतो. मुलाला समोर ५० दिसतं, मनातला आकडाही ५०च, तरी 'चुकलं' येतं. संपूर्ण प्रोग्राम दहा वेळा वाचूनही ते सापडत नाही, कारण ओळी दिसायला निर्दोष असतात. मजकुराचं पूर्णांकात रूपांतर करणारा एक छोटा शब्द राहिलेला असतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकडा निवडणारी ओळ लूपच्या आत पडणं. मग दर अंदाजाला संगणक नवा आकडा धरतो. ४० टाकलं तर 'मोठा', लगेच ३९ टाकलं तर 'लहान'. असा पूर्णांकच नाही. 'लेट अस सी' हे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं पुस्तक आणि टर्बो सीचा निळा पडदा यांच्यावर वाढलेल्या पिढीला याच्या उलट अनुभव आहे. सी भाषेत आकडे काढण्याची सुरुवात ज्या संख्येपासून होते ते बीज बदललं नाही, तर प्रोग्राम कितीदाही चालवा, आकडे त्याच क्रमाने येतात.

या सगळ्यांवर पहिला उपाय एकच: संगणकाने धरलेला आकडा प्रत्येक फेरीत पडद्यावर छापून बघायचा. खेळाची मजा जाते, पण आपण मनात धरलेलं आणि यंत्र प्रत्यक्षात करतंय ते कुठे वेगळं होतं, ते दिसतं. त्यानंतर दादाला जाणारा निरोपही बदलतो. "आकडा छापून बघितला, ४२ आहे. मीही ४२ टाकलं, तरी 'चुकलं' येतंय." काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे तिन्ही त्यात आलं. असा प्रश्न टाइप करता करताच कित्येकांना उत्तर सुचतं. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकात रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगण्याची युक्ती आहे. घरात आजी असेल तर तिला सांगावं. "मग तो आकडा दर वेळी नवा घेतो का रे?" हा प्रश्न विचारायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

दादाने काय करावं? तयार कोड पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. आता चॅटबॉटही क्षणात पूर्ण प्रोग्राम देतो आणि जर्नलवर सही मिळूनही जाते. पण व्हायवात परीक्षक "ही ओळ लूपच्या बाहेर का?" विचारतात, तेव्हा मूल एकटं असतं. दादाने उलट प्रश्न विचारावा: "एररची शेवटची ओळ वाच, काय लिहिलंय?" पायथॉनमध्ये एररचा प्रकार त्याच ओळीत असतो, आणि घाबरलेलं मूल नेमकी तीच वाचत नाही. मुरबाड, शहापूरकडून मराठी माध्यमात दहावी करून आलेल्या मुलांना तर लाल इंग्रजी अक्षरं पाहूनच धडकी भरते. अशांसाठी पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मोलाचा आहे. त्याचे साधारण दहा मिनिटांचे मोफत धडे मराठी आवाजातही आहेत. पडद्यावर कोड इंग्रजीत, कानावर समजावणं मराठीत.

खेळ नीट चालू लागला की त्याला उलटा करून पाहावा: आकडा आपण धरायचा, ओळखायचा संगणकाने. दर वेळी मधला आकडा विचारला तर पहिल्या अंदाजानंतर जास्तीत जास्त ५० शक्यता उरतात, मग २५, १२, ६, ३, १. म्हणजे सात अंदाजांत १०० मधला कोणताही आकडा हाती येतो. हजारासाठी दहा, दहा लाखांसाठी वीस अंदाज पुरतात. क्रमाने लावलेल्या मोठ्या यादीतून नाव शोधण्याची 'बायनरी सर्च' ही पद्धत याच तत्त्वावर चालते. आणि तीही भल्याभल्यांना चकवते. जावा भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला आकडा काढणारी ओळ सुमारे नऊ वर्षं चुकीची होती. दोन टोकांची बेरीज फार मोठी झाली की ती पूर्णांकाच्या जागेत मावत नसे आणि ऋण होऊन जाई. त्यासाठी यादी १०० कोटींहून मोठी लागत असल्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ही चूक स्वतः जाहीर केली, ओळ कोणती, बिघडते कधी आणि दुरुस्ती काय, हे सगळं नेमकं सांगून.